रवाल चालीची घोडी

आत्याच्या कण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "पाठीला हिसके बसता कामा नयेत."

"हिसके नकोत म्हणालात," आत्या म्हणाली, "घोडा नको असं कुठं म्हणालात?"

बत्तीस वर्षं तिनं लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं होतं.

चार महिन्यांनी तिनं रवाल चालीची घोडी आणली. अशा चालीचे घोडे शक्यतो उसळत्या दुडक्या चालीनं धावत नाहीत. चारही पाय एकामागून एक पडतात, एक तरी खूर कायम जमिनीवर असतो, त्यामुळे वर बसणाऱ्याला सरकत गेल्यासारखं वाटतं.

मी नालबंद. घोडीचा खूर उचलला आणि कपाळाला हात लावला. प्रदर्शनात पाय उंच उडावेत म्हणून आधीच्या मालकानं पुढच्या पायांना दुप्पट वजनाचे नाल ठोकले होते. चाल पार बिघडली होती. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायचे, मग दुसऱ्या बाजूचे. नुसते धक्के.

"परत कर," मी म्हणाले. "हिच्यावर बसलीस तर पुन्हा ऑपरेशन."

"नाल काढ."

"आत्या, ऐक जरा..."

"तू नालबंद आहेस की माझी सासू?"

नाल काढले. खूर तासले, दोन आठवडे तिला गवतावर मोकळी ठेवली, मग हलके नाल बसवले. त्यानंतर रोज सकाळी कमरेला पट्टा बांधून आत्या घोडीला हातानं चालवायची. वाटेत मी लाकडी दांडे आडवे टाकायची, कारण तिला वाकता येत नव्हतं. दांडे ओलांडताना घोडीला एकेक पाय वेगळा उचलावा लागे. आत्या डोळे मिटून टापा ऐकायची आणि मान हलवायची. नाही. अजून नाही.

सातव्या आठवड्यात तबेल्यामागच्या फरशीवर टापा सुट्या वाजल्या. चार. एकसारख्या.

"खोगीर," आत्या म्हणाली.

मी रिकीब धरली. ती चढली. तीस पावलं तिची वेणी पाठीवर हललीसुद्धा नाही. मग घोडी जुन्या चालीवर घसरली. आत्यानं लगाम खेचला, उतरली. चेहरा पांढराफटक.

"दुखलं?"

"शेवटची दोन पावलं. पण तिची चूक नाही, मीच घाई केली. उद्या पंचवीसच."

पंचविसाची शंभर व्हायला पाच आठवडे लागले. आता त्या दोघी तलावाला पूर्ण फेरी मारतात. मी सायकलवरून सोबत जाते, आणि चढावर मलाच "थांब गं!" म्हणावं लागतं.