वर्तुळाबाहेरचं माहेर

मोजणी खात्यात नकाशे काढणाऱ्या माणसाने 'आपण यापुढे जवळचंच खायचं' असं ठरवलं, की जे होतं ते झालं. दुसऱ्या घरात जवळ म्हणजे किती यावर आठवडाभर खडाजंगी झाली असती आणि विषय आपोआप मेला असता. या घरात भिंतीवर नकाशा लागला, कंपासचं टोक स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकलं आणि वीस किलोमीटरचं एक देखणं वर्तुळ तयार झालं. आतलं खायचं, बाहेरचं नाही.

कारण द्राक्षांचं होतं. लेकीने द्राक्षांच्या खोक्यावरचं देशाचं नाव वाचून तो देश कुठे आहे ते विचारलं, आणि नकाशे काढणाऱ्या बापाला पटकन दाखवता आला नाही. त्याला जग वगैरे वाचवायचं नव्हतं. आपण काय गिळतो ते कुठून आलं एवढं ठाऊक असावं, इतकीच त्याची मागणी होती. माणूस प्रामाणिक होता. घरच्यांना त्रास होतो तो अशाच माणसांचा. लबाड माणसाशी तडजोड तरी करता येते.

चहा गेला. साखर गेली. भाजलेल्या धान्याचं काळं पाणी आलं आणि ते चहासारखंच लागतं असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मिठाला मात्र अपवाद करण्यात आला, कारण समुद्र लांब होता आणि सिद्धांताची चव दोन दिवसांत कळली होती.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. तिला हे सगळं चाललं. उलट लेक मटार सोलायला बसू लागली, भाजी देणारी माणसं ओळखीची झाली, याचा तिला आनंदच होता. तो आनंद रविवारपर्यंत टिकला. रविवारी तिची आई आली.

आई पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. घरामागे तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि पाचसहा कोंबड्या. दर रविवारी ती बसने यायची, पिशवीतून मधाची बाटली आणि कागदात गुंडाळलेली अंडी काढून ओट्यावर ठेवायची, आणि मगच चपला काढायची.

"आई," जावई म्हणाला, "एक अडचण आहे. तुमचं घर वर्तुळाच्या बाहेर जातं."

"किती?"

"दोन शेतं."

"मग पेन्सिल जरा जाड घ्यायची."

"तसं केलं तर नियमाला अर्थच राहत नाही."

आई खुर्चीवर बसली. "पेट्या माझ्याकडे आहेत, हे खरं. पण माशा तुमच्या बाजूला पण जातात. निम्मी फुलं तुमच्या वर्तुळातली असतील."

जावयाने यावर खरोखर विचार केला. हेच वाईट झालं. तो हसला असता तर भागलं असतं. "पण कोणती निम्मी, ते सांगता येत नाही ना," तो म्हणाला.

"नाही बाई, ते मी माशांना कधी विचारलं नाही." आईने बाटली परत पिशवीत ठेवली. अंडीही ठेवली. हयातभर तिने इथली वस्तू तिथे पोचती केली होती. 'स्वीकारण्यास नकार' हा शेरा तिला नवा नव्हता. तो आपल्यावर पहिल्यांदाच पडला होता इतकंच.

"अगं आई, ठेव ना, मी बघते," तिची मुलगी म्हणाली.

"नको. नियम तो नियम."

पुढच्या रविवारी आई डबा घेऊन आली. ताटं वाढली गेली तेव्हा तिने स्वतःचं ताट उपडं केलं आणि डबा उघडला.

"हे काय गं?"

"मी पण जवळचंच खाते आता. तुमचं बघून मला पटलं." आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मला तुमचं ते कंपास येत नाही. माझे पाय जातात तिथपर्यंत माझं. तुमची भाजी कुठची?"

"नदीकाठची."

"नदीकाठापर्यंत मला चालवत नाही. तेव्हा तुम्ही जेवा."

आणि ती मुलीच्या टेबलाशी बसून, मुलीच्या पंख्याखाली, स्वतःचा उकडलेला बटाटा जेवली. शेरास सव्वाशेर म्हणतात ते पाहायला गंमत वाटते. त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसायचं असेल तर वाटत नाही. त्या खुर्चीवर मुलगी होती. त्यानंतरचे रविवार तसेच गेले. माणसं तीच, टेबल तेच, जेवणं दोन.

"तिने माझ्या हातचं जेवायला हवंय," बायको नवऱ्याला म्हणाली. "मला बाकी काही नको. तुझ्या नकाशात बसव, नाहीतर तो नकाशा भिंतीवरून उतरव."

तो नकाशापुढे बसला. सासूची वाट, पोस्टाची पेटी, विहीर, बसथांबा असं सगळं विचारून त्याने तिचंही वर्तुळ काढलं. दोन वर्तुळं एका ठिकाणी एकमेकांवर चढत होती. त्या चिंचोळ्या जागेत एक वीटभट्टी होती आणि कोबीचं एक शेत.

"कोबी!" तो ओरडला. इतक्या आनंदाने हा शब्द त्या घरात पूर्वी कधी उच्चारला गेला नव्हता.

मग रविवारी कोबी. आई स्वतः चालत शेतावर जायची, गड्डा निवडायची, तो घेऊन मागे वर्तुळाबाहेर आपल्या घरी यायची, आणि तिथून बसने पुन्हा वर्तुळात. मुलगी तो परतायची, उकडायची, त्याचं सूप करायची. आई ताट सरळ करून जेवायची. "मीठ कमी आहे," म्हणायची, आणि मुलीला ते कौतुकासारखं वाटायचं. नात म्हणाली, "आजी, आपण भट्टीतल्या विटा पण खाऊ शकतो." सगळे हसले. आईसुद्धा.

मग एका रविवारी आई रिकाम्या हाताने आली.

"कोबी?"

"शेतापर्यंत गेलेच नाही. विहिरीपाशी धाप लागली."

"मग मी आणत जाईन की."

"तू आणलास तर तो तुझा कोबी झाला."

जावयाने त्या रात्री नकाशावरचं सासूचं वर्तुळ खोडून लहान काढलं. दोन्ही रेषा आता एकमेकींना शिवत नव्हत्या. पुढच्या महिन्यात त्याला ते पुन्हा लहान करावं लागलं असतं, पण त्याने रबर हातात घेतलं नाही. आई बसथांब्यापर्यंत येऊ शकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, खायला घाला. शेजारीण म्हणाली, खातात कुठे, ताट तसंच परत येतं.

"तू तिथे जाशील तेव्हा तिथलं खा," नवरा बायकोला म्हणाला. "माझी काही हरकत नाही. अपवाद करू."

तिने आईला तसं सांगितलं. आई उशीवरून म्हणाली, "अपवाद? मिठाला चालवून घेतलंत तसं मला चालवून घेणार?"

मुलगी घरी आली, दुकानातून रजा घेतली आणि पिशवी भरली.

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"मोजू नकोस."

आईच्या दारात ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली. "राहायला आले."

"आणि तुझं वर्तुळ?"

"ते त्याचं आहे. मी इथली."

आईने पिशवी आत घ्यायची खूण केली. मग म्हणाली, "मागे कोंबड्यांनी अंडी घातली असतील. बघ."

मुलीने दोन अंडी उकडली, मध काढला, ताट आईच्या पलंगाशी आणलं. आईने चमचाभर तोंडात घेतलं, फिरवलं, आणि ते खाली उतरेना. तिने ते हलकेच रुमालात काढलं. इतके महिने अडलेली गोष्ट आता नियमाने अडली नव्हती.

"तू खा," ती म्हणाली. "मी बघते."

"आई, एक घास."

"बघते म्हटलं ना. खा. सावकाश, कुणी पळवत नाही तुझं."

मुलगी जेवली. आई प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत पाहत होती. संपल्यावर म्हणाली, "अजून घे." तिने घेतलं.

रविवारी जावई नातीला घेऊन आला आणि दारातच अवघडून उभा राहिला.

"जावईबापू, उभे का? बसा. यांना वाढ गं."

तिघांची ताटं वाढली गेली. लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, चालतं?"

"आजीने वाढायला सांगितलंय," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला.

थोड्या वेळाने आईने डोळे मिटले. तिघांचे हात थांबले. मुलीने आईच्या छातीकडे पाहिलं.

"थांबलात का?" आई डोळे न उघडता म्हणाली. "दिसत नसलं तरी ऐकू येतंय मला."

मग ते जेवू लागले. जावयाने चमचा ताटावर जरा जोराने वाजवला, मग नातीने, मग मुलीने. पोटं भरली होती. तरी कुणी उठलं नाही.