हाताने बसवायचे स्टड

मुखेडच्या अश्वजित आणि भागवत यांच्या भागीदारीत मंडप होता, साउंड होता आणि हे दोन्ही वाहून नेणारा एक टर्बो पिकअप होता. जयंती असो की गणपती, खांब तेच, भोंगे तेच. फक्त कापड बदलायचं. इतक्या वर्षांत दोघांत भांडण म्हणावं असं झालं नव्हतं. ते टर्बोमुळं झालं.

कंधारकडच्या चढाला भरलेला पिकअप धापा टाकतो, म्हणून अश्वजितनं तो नांदेडला नेला आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं प्रेशर वाढवून आणलं. पिकअप असा चढू लागला की मागं बांधलेल्या खुर्च्या दोर ताणून आणखी मागं जाऊ लागल्या. काही दिवस कौतुक झालं. मग इंजिनाला ते प्रेशर आवरेना. वरचं हेड खालच्या ब्लॉकवर आवळून धरणारे बोल्ट ताणले, मधलं गॅस्केट जळालं आणि सायलेन्सरमधून वाफ निघाली. दुरुस्त केलं. पुन्हा जळालं.

उदगीरच्या गुरुबसप्पा मिस्त्रींनी इंजिन खोलून ब्लॉकवर पट्टी आडवी धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला.

"या बारीला घासून सपाट करतो. पुढच्या बारीला घासायला लोखंडच न्हाई. आता ब्लॉकला काय झालं, तर गाडी भंगारात."

जयंतीचा एप्रिल तोंडावर होता. एप्रिलात गाडी भंगारात म्हणजे धंदाही भंगारात. अश्वजितनं झोप सोडली आणि मोबाइल धरला.

पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे त्याच्या घरचं वळण. वडील साहेबराव शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात अंगारा, मुहूर्त, लिंबू-मिरची यांना मज्जाव होता. मात्र मोबाइलमधला माणूस गोरा असला आणि इंग्रजीतून भराभरा बोलला, की त्याला अश्वजित पुरावाच धरायचा. तशा चार पुराव्यांवरून त्याचं मत पक्कं झालं: बोल्ट नको, स्टड पाहिजेत.

"बोल्ट कसाय," तो मिस्त्रींच्या गॅरेजात टायरवर बसून भागवतला समजावू लागला, "आवळताना तो फिरतोय बी आन ताणतोय बी. निम्मा जीव पिळवटण्यातच जातोय. स्टड तसा न्हाई. त्याला आधी ब्लॉकमधी उभा करायचा, गप. मग वरून नट फिरवायचा. स्टड फिरत न्हाई, नुसता सरळ ताणतोय. बोल्ट म्हंजे कंत्राटी माणूस. स्टड म्हंजे कायम."

"कायम माणूस काम कुठं करतोय?" भागवत म्हणाला.

भागवतचा जीव जुन्या बोल्टांत अडकला होता. दोनदा गॅस्केट जाऊनही त्यानं ते डिझेलमध्ये धुऊन, पुसून, पिशवीत घालून आणले होते. त्याचं म्हणणं सरळ होतं: हे कंपनीतून गाडीबरोबर आलेत, म्हणजे वरिजनल. बाजारातला नवा बोल्ट कुणी कुठं बनवला, देवालाच ठाऊक.

गुरुबसप्पांनी कपाटातून एक नवा कंपनीचा बोल्ट काढला आणि जुन्याशेजारी टेबलावर उभा केला. जुना चांगला नखभर उंच दिसत होता.

"बघा. ताणून लांब झालाय. ह्यो बोल्ट एकदाच आवळायचा आस्तोय. तुमी दुसऱ्यांदा आवळलाव."

"लांब झाला तर चांगलंच की अप्पा," भागवत म्हणाला. "जादा पकडंल."

गुरुबसप्पांनी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटून तो बोल्ट खिडकीबाहेर फेकला. भागवत बाहेर जाऊन तो घेऊन आला.

स्वतः गुरुबसप्पांचं मत तिसरंच होतं. टर्बोचं प्रेशर खाली आणा, कंपनीचे नवे बोल्ट घाला, आणि खुर्च्यांना जागेवर राहू द्या. शेवटी तोड निघाली. प्रेशर खाली येणार, पण पुरतं नाही. आणि उरलेल्या हौसेपोटी स्टड येणार. जुने बोल्ट भागवतनं घरी न्यायचे आणि त्यांचं त्याला काय वाटेल ते करायचं. पुण्याच्या एका कारखान्याकडं स्टड मागवले.

पार्सल आलं त्या दिवशी सकाळी अश्वजित ते आणायला उदगीरच्या स्टँडवर गेला. भागवत गॅरेजात थांबला. दुपारी जेवणं आटोपून काम सुरू झालं. ब्लॉक घासून आरशासारखा झाला होता. स्टड जिथं बसायचे ती भोकं गुरुबसप्पांनी आदल्या संध्याकाळीच हवा मारून लख्ख केली होती. त्यांनी पहिला स्टड उचलला आणि दोन बोटांत धरून फिरवत खाली नेला.

"पान्हा न्हाई लावायचा?" भागवतनं विचारलं.

"स्टड हातानंच बसवायचा. तळाला टेकला की बास."

दोन टेकले. तीन टेकले. कोपऱ्यातला मात्र वरच राहिला. गुरुबसप्पांनी तो थोडा मागं घेऊन पुन्हा फिरवला. तो पुन्हा तिथंच अडला, आणि त्याच्या आट्यांमधून पाण्याचा एक थेंब हळूच वर आला.

गुरुबसप्पा हलले नाहीत. अश्वजितला त्यांच्या मानेवर घाम दिसला, आणि घाम फुटण्याइतकं ऊन तर गॅरेजात नव्हतं.

"काय झालं अप्पा?"

"पाणी."

"कुठलं पाणी?"

"तेच बघायलो." ते सरळ उभे राहिले. "कालच्याला भोक कोरडं होतं. रात्रीतून पाणी आलं, तर आतून आलं. भोकाच्या मागं पाण्याची वाट आस्ती. मधल्या भिंतीला तडा गेला आसंल, तरच येतंय."

"तडा म्हंजे ब्लॉक..."

गुरुबसप्पांनी कोपऱ्यातला स्टड काढून फडक्यावर ठेवला. अश्वजित टायरवर बसला. मंडपाचे खांब, भोंगे, एप्रिलच्या सगळ्या ऑर्डरी डोळ्यांसमोरून एका रांगेत भंगारवाल्याकडं चालत गेल्या. चार गोऱ्या माणसांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भागवत म्हणाला, "अप्पा, ते पाणी गोड हाय का बघा बरं."

"आँ?"

"चाटून बघा."

गुरुबसप्पांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "गोड हाय."

भागवतचा चेहरा एकदम उजळला. गुरुबसप्पांचा आणखी पडला.

"खुश कामून झालाव? इंजिनात घालायचं कूलंट बी गोडच आस्तंय."

"ते हिरवं आस्तंय ना?"

"जुनं झालं की रंग जातोय."

भागवतनं टोपी काढली, परत घातली, आणि ब्लॉककडं बघत हळूच म्हणाला, "नारळाचं बी गोड आस्तंय."

"कुठल्या नारळाचं?" अश्वजितनं विचारलं.

"सकाळी फोडला. तू स्टँडवर गेला होतास." भागवतचा आवाज आणखी बारीक झाला. "एवढं मोठं काम. दोनदा वाया गेलं. म्हनलं, ब्लॉकवर थोडं पाणी शिंपडावं. हळद-कुंकू लावलंच न्हाई बघ. तुला दिसलं आसतं."

"आन नारळ?"

"अप्पांच्या घरात दिला."

गुरुबसप्पांनी डोळे मिटले. "तरी म्हनलं, आज चटणीला खोबरं कुठून आलं."

अश्वजित उठला. भागवतला काय काय ऐकवायचं याची यादी त्याच्या जिभेवर आली: विज्ञान, पुरावा, साहेबराव, इतक्या वर्षांची भागीदारी. पण त्या यादीतलं एकही अक्षर बाहेर पडायला तयार होईना. कारण छातीवरून जो दगड हलला होता तो इतका मोठा होता, की आयुष्यात पहिल्यांदाच एका नारळाविषयी त्याला मनापासून कृतज्ञता वाटली. घरी हे सांगायची सोय नव्हती.

"नारळाचंच हाय कशावरून?" तो म्हणाला. सवय सुटत नव्हती.

"हे बरोबर," गुरुबसप्पा म्हणाले. त्यांनी बसवलेले स्टड काढून प्रत्येक भोकात हवा मारली. कोपऱ्यातल्या भोकातून खोबऱ्याचा एक बारका पांढरा तुकडा उडाला आणि भागवतच्या शर्टावर चिकटला. तरीही कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा काठोकाठ भरल्या, वर्तमानपत्राच्या कागदाची वात केली आणि त्या भोकात सोडली. आता आतून पाझरलं, तर कागद सांगणार होता.

चहा आला आणि तसाच गार झाला.

"एक सांगू का मालक?" गुरुबसप्पा वातीवरची नजर न काढता म्हणाले. "आज बोल्ट आसते ना, तर मी पान्हा घालून दाबलो आसतो. अडलंय म्हणून आणखी जोर केलो आसतो. पाणी दबत न्हाई, लोखंडच फुटतंय. स्टड हातानं फिरवायलो म्हणून बोटाला कळलं."

"म्हंजे माझंच बरोबर होतं," अश्वजित म्हणाला.

"चूक कारणानं," गुरुबसप्पा म्हणाले.

मग त्यांनी वात वर ओढली. गालाला लावली. अश्वजितनं ती हिसकावून स्वतःच्या गालाला लावली, भागवतनं त्याच्याकडून घेऊन आपल्या. कोरडी. खडखडीत कोरडी. भागवतनं ती दुसऱ्या गालालाही लावली, नुसतीच, हौस म्हणून.

"पुढच्या बारीला," अश्वजित म्हणाला, "फोडायचाच तर गाडी चालू झाल्यावर फोड. चाकापाशी."

"तू थांबशील?"

"थांबीन. लांब."

भागवतनं शर्ट झटकला, हात स्वच्छ पुसले आणि मिस्त्रींची परवानगी न विचारता कोपऱ्यातला स्टड उचलला. दोन बोटांत धरून तो फिरवत गेला. तिघंही वाकून बघत होते. स्टड सावकाश खाली गेला, आणखी खाली गेला आणि तळाला टेकला.