या टोकापासून त्या टोकापर्यंत

आल्विन थ्वेटच्या कमरेत शस्त्रक्रिया करून नवा सांधा बसवला, तेव्हा त्याने डॉक्टरला एकच प्रश्न विचारला. चालता येईल का, जिना चढता येईल का, दुखेल का, असलं काही नाही. त्याने विचारलं, "नाताळात हॉलिनवाल्यांसमोर उभा राहण्याइतका बरा होईन ना?"

डॉक्टर लंडनकडचा. हॉलिन हे कुणी तरी नातलगांचं घराणं असावं, असा त्याचा समज झाला. तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता? त्यांनाच इकडे बोलवा."

"तेच येणार आहेत," आल्विन म्हणाला. "या नाताळात सामना आमच्या मैदानावर आहे."

स्कारबेक आणि हॉलिन ही एकाच खोऱ्यातली दोन गावं. मधून कालवा जातो. आमचा रंग तांबडा, त्यांचा पिवळा. यापलीकडे दोन्ही गावांत काहीही फरक नाही, आणि म्हणूनच एवढा एक फरक आम्ही जिवापाड जपला आहे. स्कारबेकमध्ये कस्टर्ड पिवळं म्हणून डोळे मिटून खाणारी माणसं आहेत. हॉलिनमध्ये टोमॅटोचं काय करतात, ते मला ठाऊक नाही. तिकडे माझं जाणं नसतं.

आमचे फुटबॉलचे संघ फार मोठे नाहीत. टीव्हीवर दिसतात त्या संघांच्या खाली पायऱ्या मोजत गेलात, तर कंटाळा आल्यावर आम्ही लागतो. पण या पायरीवर एक सोय आहे. मैदानावर प्रेक्षकांना कुठेही उभं राहता येतं. मग आपला संघ ज्या गोलवर चाल करणार, त्या गोलच्या मागे आपण उभं राहायचं, आणि मध्यंतरात संघांनी टोकं बदलली की आपणही सामानसुमान उचलून दुसऱ्या टोकाला जायचं. विरोधी गावाचे लोक त्याच वाटेने उलट दिशेने येतात. एका बाजूला खुर्च्यांचा स्टँड आहे, त्यामुळे वाट दुसऱ्या बाजूची एकच. तिच्या मध्यावर चहाची टपरी, आणि टपरीपाशी वाट इतकी चिंचोळी की दोन्ही गावांना एकमेकांच्या खांद्याला खांदा घासूनच जावं लागतं. वर्षभर साठवलेलं तिथे बोलायचं असतं.

आल्विन ही वाट शाळकरी वयापासून चालत आला होता. आता त्याच्या मुलीचं, हीदरचं म्हणणं होतं की पुरे झालं. हीदर बस चालवते. वेळापत्रक पाळणारी आमच्या खोऱ्यातली ती पहिली ड्रायव्हर, त्यामुळे लोक तिला थोडे बिचकून असतात. तिने बापासाठी स्टँडमध्ये एक खुर्ची ठरवूनही टाकली होती. छपराखाली, मांडीवर घोंगडीसकट.

"तिथे कोण बसतं माहीत आहे का तुला?" आल्विन म्हणाला. "गोल झाल्यावर टाळ्या वाजवणारे."

"मग तुम्ही काय करता?"

"मी ओरडतो."

शेवटी बापलेकीत करार झाला. हॉलिनच्या सामन्यात मध्यंतराची शिट्टी वाजल्यापासून दुसरा अर्धा सुरू होईपर्यंत आल्विनने या टोकाहून त्या टोकाला जायचं. काठी चालेल. कुणाचा हात धरायचा नाही, कुठे टेकायचं नाही. जमलं तर खुर्ची रद्द. नाही जमलं तर तांबडी घोंगडी, जन्मभर.

आल्विनने महिनाभर कालव्याच्या काठाने सराव केला. बदकं त्याला ओळखायला लागली.

नाताळच्या जेवणाला हीदरकडे नेहमीप्रमाणे डोरीनही आली. डोरीन म्हणजे आल्विनची धाकटी बहीण. हिने हॉलिनच्या गोलकीपरशी लग्न केलं, आणि नुसतं लग्न करून थांबली नाही, तर संघही बदलला. गोलकीपर बिचारा वारला त्याला बरीच वर्षं झाली, पण बाई पिवळीच राहिली. हीदरच्या टेबलावर फुटबॉलचा विषय काढायचा नाही असा कडक नियम आहे. त्यामुळे डोरीनने एक शब्दही न बोलता आल्विनच्या पुडिंगवर भरपूर कस्टर्ड ओतलं.

दुसऱ्या दिवशी सामना.

आल्विन मैदानाचं फाटक उघडण्याआधीच येऊन उभा होता. आम्ही चर्चच्या टोकाला जमलो, कारण स्कारबेक पहिल्या अर्ध्यात चर्चच्या टोकाकडे खेळतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ख्रिस्त कोणत्या महिन्यात जन्मला तेही कुठे लिहिलेलं नाही. आल्विनने गोलमागचा कठडा पकडला, पाय जरा पसरून उभा राहिला आणि सगळी ताकद मध्यंतरासाठी राखून ठेवली. शेजारी सेड्रिक होता. सेड्रिकने आयुष्यभर अंत्ययात्रा चालवल्या आणि आता निवृत्त झाला आहे.

नाणेफेक झाली. आमचा कर्णधार जेरोम, एरवी नळदुरुस्ती करतो, त्याने नाणेफेक जिंकली. मग त्याने बोट ओलं करून हवेत धरलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि कालव्याच्या टोकाकडे हात केला.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना.

"उलटं घेतलं!" सेड्रिक ओरडला. "गाढवाने उलटं घेतलं!"

म्हणजे पहिल्या अर्ध्यात आम्ही कालव्याच्या टोकाला हवे होतो. आणि आत्ता, सामना सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांनी तिकडे जायचं. मग मध्यंतरात पुन्हा इकडे. लोक शिव्या देत थर्मास आणि घोंगड्या गोळा करायला लागले. समोरून हॉलिनवाले निघालेच होते.

हीदर बापापाशी आली. "बाबा, तुम्ही इथेच थांबा. मध्यंतरानंतर सगळे परत इकडेच येणार आहेत. हा फेरा करारात नव्हता."

"पहिला अर्धा पूर्ण हॉलिनवाल्यांत उभा राहू?"

"कोण बघतंय?"

"हीदर, शस्त्रक्रिया माझ्या कमरेची झाली आहे, डोक्याची नाही."

"मग असं करू या. आजचं सोडून देऊ. पुढच्या सामन्याला चाला. मी काही म्हणणार नाही."

आल्विनने काठी उचलली. "कर्णधाराने ठरवलंय," तो म्हणाला आणि चालायला लागला.

सेड्रिक त्याच्यासोबत निघाला. सेड्रिकला हळू चालण्याची सवय आहे, ती इथे कामाला आली. पण काळा कोट घालून, हात मागे बांधून, मान किंचित खाली घालून तो शेजारून चालतो, तेव्हा बघणाऱ्यांना उगाच टोपी काढावीशी वाटते. दोघातिघांनी काढलीही.

टपरीपाशी डोरीन समोरून आली. पिवळा मफलर, पिवळी टोपी, पिवळे हातमोजे. दोघं थबकली. मध्यंतराखेरीज इथे भेटायची दोघांनाही सवय नव्हती.

"मी तयारीने आले नाही," डोरीन म्हणाली. "म्हणजे आले आहे, पण ते मध्यंतरासाठी आहे."

"माझंही मध्यंतराचंच आहे."

"मग राहू दे."

"राहू दे."

एवढं सभ्य बोलणं त्या टपरीने ऐकलं नव्हतं. चहावालीने खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं.

आल्विन कालव्याच्या टोकाला पोचायच्या आतच सामना सुरू झाला आणि पुढून एकदम आरोळी उठली. आमच्यातले सगळे उड्या मारत होते, आणि आल्विनला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

"कोणी मारला?"

"जेरोमने! वाऱ्यावर उडवला! थेट!"

"त्यानेच मला चालवलं," आल्विन म्हणाला. "आता शिव्याही देता येणार नाहीत."

मग तो कठड्याला रेलून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कुणी तसं म्हणालं नाही. अशा वेळी आमच्याकडे जुन्या गोष्टी काढतात. सेड्रिकने बर्फाच्या सामन्याची काढली. रात्रभर बर्फ पडला होता आणि सकाळी गावकऱ्यांनी फावडी घेऊन मैदान साफ केलं, पण अर्धंच. आमचा संघ दुसऱ्या अर्ध्यात जिकडे चाल करणार होता, तेवढंच. उरलेल्या अर्ध्याशी आमचा काय संबंध? रेफरीने सामना रद्द केला. "अजून त्या रेफरीच्या घराकडे मी बघत नाही," सेड्रिक म्हणाला. "आणि त्याला पुरला मीच."

"आल्विन, तू चहाची सांग," मागून कोणी तरी म्हणालं.

ती सगळ्यांना पाठ होती, तरी आल्विनने सांगितली. डोरीनचं लग्न झालं, त्यानंतरचा पहिलाच हॉलिनचा सामना. मध्यंतरात आल्विनने नेहमीप्रमाणे टपरीवर दोन कप घेतले, एक स्वतःला, एक तिला, आणि आमच्या गर्दीत तिला शोधत उभा राहिला. ती दिसेना. मग समोरून, उलट दिशेने, हॉलिनवाल्यांबरोबर आली. गळ्यात पिवळा मफलर.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमचा खेळ बघून निर्णय घेतला, नवऱ्याचा काही दोष नाही."

"आणि चहा?"

"मी दोन्ही कप प्यालो."

मध्यंतराची शिट्टी वाजली. हीदरने घड्याळाकडे बघितलं. सगळे निघाले. आल्विनही निघाला, पण पहिल्या फेरीतला आल्विन हा नव्हता. काठी आधी पुढे जाई, मग तो तिच्याकडे बघे, मग पाय उचले. लोक दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले. सेड्रिक तेवढा त्याच्याबरोबर मागे राहिला होता. आल्विन त्याला म्हणाला, "तू पुढे हो. तू शेजारी असलास की मला घाई वाटत नाही."

टपरीपाशी चिखल झाला होता. आल्विनची काठी घसरली. तो डावीकडे कलला. समोर डोरीन होती, तिचा हात आपोआप पुढे आला, हातमोज्यासकट. आणि तो अर्ध्यातच थांबला. काय ठरलंय ते तिला हीदरने सांगितलं होतं. तिने हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. मग दुसराही घातला, खात्रीसाठी.

आल्विन स्वतःच सावरला, पण जागचा हलेना.

"झालं?" डोरीन म्हणाली. "एवढंच? स्कारबेकवाले असेच. पहिल्या अर्ध्यात उड्या, दुसऱ्यात फतकल."

"रस्ता सोड."

"रस्ता मोकळाच आहे. तूच गाडलेल्या खांबासारखा उभा आहेस. चल की."

आल्विनने पाऊल उचललं. डोरीन वळली आणि त्याच्या बाजूने चालायला लागली, ज्या टोकाकडून ती आली होती, त्याच टोकाकडे.

"तुमचे लोक तिकडे गेले," आल्विन धापा टाकत म्हणाला.

"मला डोळे आहेत. बोलू नकोस, चाल. वर्षभर साठवलंय मी, सकाळी फुकट गेलं. तू त्या खुर्च्यांत जाऊन बसलास तर मी भांडू कुणाशी? त्या स्टँडमध्ये आम्हाला घेत नाहीत."

"नशीब आमचं."

"तुमच्या गोलकीपरला रविवारच्या सुट्टीत बॉल ओळखायला शिकवा. तुमच्या लेफ्ट-बॅकची घरी कुणी तरी वाट बघत असेल, त्याला पाठवून द्या."

"तुमचा सेंटर-फॉरवर्ड," आल्विनने श्वास घेतला, "त्याला मी बघितलं. टपरीवर. दोन वेळा."

"बरा आहेस की! चाल. आणि तो चहा. मी बघितलं होतं तुला. दोन्ही कप प्यालास. माझ्यात साखर होती. तुला साखर चालत नाही."

"होती साखर."

"मग प्यालास कशाला?"

"टाकून देऊ?"

डोरीनने मैदानाकडे बघितलं. मग म्हणाली, "पाय उचल. रेफरी बाहेर आला."

रेफरी खरोखरच मध्यावर पोचला होता. आम्ही चर्चच्या टोकाला कठड्यापाशी उभे राहून बघत होतो. कुणी मदतीला पुढे गेलं नाही. जाता येत नव्हतं. कुणी तरी जागा मात्र करून ठेवली, कठड्याच्या बरोबर मध्यावर. आल्विनचा कोट उघडा पडला होता, टोपी एका कानावर आली होती, आणि शेजारी ती पिवळी बाई दोन्ही हात खिशात घालून, अटक केल्यासारखी, अखंड बोलत होती. जेरोमने बॉल ठेवला. रेफरीने शिट्टी तोंडाला लावली. आल्विनने काठी पुढे टाकली, एक पाय, दुसरा पाय, आणि कठडा पकडला. शिट्टी वाजली.

आम्ही ओरडलो नाही. सगळे हीदरकडे बघत होतो.

हीदर आत्याकडे वळली. "तू मदत केलीस?"

"मी?" डोरीनचा आवाज चिरकला. "मी? स्कारबेकवाल्याला? हीदर, तुझ्या आईची शप्पथ, मी आयुष्यात एवढं वाईट कुणाला बोलले नाही!"

"खरंय," आल्विन म्हणाला. त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं. "लेफ्ट-बॅकचं तर... फारच."

हीदरने बापाकडे बघितलं, त्याच्या काठीकडे बघितलं, मग घड्याळाचा हात खाली केला. "वेळेत," ती म्हणाली. बस वेळेत पोचल्यावर म्हणते तसं, काही विशेष घडलं नसल्यासारखं. "खुर्ची रद्द."

आता मात्र आम्ही ओरडलो. सेड्रिकने आल्विनच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग विचार करून खाली घेतला.

डोरीन हलली नाही. परत जायला आता उशीर झाला होता, आणि खरं म्हणजे तिचेही पाय भरले होते. आमच्या तांबड्या गर्दीत ती एकटी पिवळी उभी राहिली. आम्ही तिला जागा दिली, कारण नाही म्हटलं तरी ती मूळची स्कारबेकची. बराच वेळ तिने आमचा खेळ बघितला आणि काही बोलली नाही. हे तिला किती जड गेलं असेल, याची आम्हाला कल्पना होती.

मग अगदी शेवटी, दुसऱ्या टोकाला, लांब, धुक्यात काही तरी हललं. आम्हाला नीट दिसलं नाही. तिकडून एकच आरोळी आली. डोरीनने हात खिशातून काढले, मफलर सोडला आणि आमच्या बरोबर मध्यात, आल्विनच्या कानाशी, जिवाच्या आकांताने किंचाळली, "गोऽऽल!"

शंभरएक तांबडी डोकी तिच्याकडे वळली. ती उड्या मारत होती.

"आल्विन," सेड्रिक हळूच म्हणाला, "ही तुझ्याबरोबर आहे ना?"

आल्विनने बहिणीकडे एकदा नीट बघितलं. मग काठी उचलली आणि कुणाचाही हात न धरता, कठड्याच्या कडेने, तिच्यापासून पुरेसा लांब जाऊन उभा राहिला.