तटावरचं घर

हनोईहून आलेल्या बारा पाहुण्यांना घेऊन गाईड उयेन ह्वे शहरातल्या जुन्या कोटाच्या तटावर चढली, तेव्हाच पाऊण तास उशीर झाला होता. कुणाला कॉफी हवी होती, कुणाचा फोन बसमध्ये राहिला होता, आणि निवृत्त मास्तर थिएम तिनं सांगितलेल्या प्रत्येक सनात चूक काढत होते. अकराच्या आत राजाच्या समाधीला पोचायचं होतं.

आणि पाहते तो काय, तटावरच्या गवतात तिची आई! टोपली घेऊन पेरू तोडत होती. त्यांच्या घरासकट तटावरची वस्ती पाडून पाच वर्षं झाली होती. सगळ्यांना शहराबाहेर नवी घरं मिळाली. तरी म्हातारी दोन बस बदलून यायचीच.

उयेननं तोंड फिरवलं आणि पाठ केलेलं सुरू केलं. "इथे पूर्वी अतिक्रमणं होती. ती हटवून..."

"अतिक्रमण?" आई झाडाखालून ओरडली. "अगं, तुझा जन्म झालाय इथे! सुईण वेळेवर आली नाही, तर शेजारणीनं नाळ कापली!"

सगळे गर्रकन वळले. उयेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मी कामावर आहे. कितीदा सांगू, येत जाऊ नकोस म्हणून?"

"मी कुठे तुझ्या कामात आले? तूच बारा माणसं घेऊन माझ्या घरात शिरलीस."

हशा पिकला. सगळे म्हातारीभोवती जमले. चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचं? आई हात नाचवत सांगत होती, "पूर आला की खालची बडी मंडळी आमच्याच ओसरीत येऊन बसायची! तेव्हा नाही कुणी अतिक्रमण म्हणालं."

उयेन गाईडचा झेंडा उंचावून "चला, चला" म्हणत राहिली. ढिम्म कुणी हललं नाही. खालून ड्रायव्हरचा फोन, "ताई, समाधी उद्या बघायची का?"

कसंबसं सगळ्यांना बसमध्ये कोंबलं, तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आईचा निरोपही घ्यायचा राहिला.

"ताई," थिएम मास्तर शेजारी येऊन बसले, "स्वतःच्या घराला अतिक्रमण म्हणणं शोभत नाही हो."

"मग काय म्हणू?" गाईडच्या नोकरीच्या अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच पाहुण्यावर कडाडली. "ऑफिसनं लिहून दिलंय तेच बोलते मी! तुम्हाला सगळं येतं ना? घ्या हा माईक, तुम्हीच सांगा!"

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, एसी जरा वाढवायला सांगता का?"