माझ्या कमरेचे चार पाटे

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. निदान परवापरवापर्यंत तरी माझी तशी समजूत होती. आता माझ्या पाठीवर एक खोली आहे, खोलीत गादी आहे, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे. त्यामुळे मी गाडी की घर, हे माझं मलाच कळेनासं झालंय. माझी हकिकत सांगते. मध्येच मी गोंधळले, तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी कोरी करकरीत होते. नेरूळच्या सारसोळे गावातल्या हिरामण यांनी मला घेतलं. हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी पाठीवर बर्फाच्या लाद्या चढवल्या. कौतुक संपलं, काम सुरू! जेट्टीवरची मासळी बाजारात पोचवायची, हा माझा धंदा. पुढच्या सीटवर हिरामणची बायको काशी बसायची. बाजारात तिनं आवाज चढवला की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. "माजी गाडी कंदी रुसली नाय," असं ती चारचौघींत सांगायची. अशा वेळी आपला हॉर्न आपोआप वाजावा असं मला फार वाटायचं. पण हॉर्न काय माझ्या हातात आहे?

मग काशीची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं चाला, बाकी आडवं पडा, फार वेळ बसायचं नाही. तिचा बाजार सुटला आणि माझाही. मी गल्लीच्या कोपऱ्यात उभी राहिले. कोंबड्या माझ्या हौद्यात झोपू लागल्या. पोरं माझ्या दारावर खडूनं स्टंप काढून क्रिकेट खेळू लागली. वाईट वाटायचं हो. आटोपलं आपलं, असं मी धरूनच चालले होते.

पण तिकडे अलिबागजवळच्या थळला काशीची धाकटी बहीण पुतळा, तिला अर्धांगाचा झटका आला. ती अंथरुणाला खिळली. एकीला येता येईना, दुसरीला जाता येईना. फोनवर पुतळाचं बोलणं कळायचं नाही, आणि काशी फोन कानाशी धरून नुसती रडायची.

"मना तिला एकदा डोल्यांनी बघायचंय," ती म्हणाली.

तिचा मुलगा रूपेश म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊस. अँब्युलन्स करू. झोपून जाशील."

"आनि अँब्युलन्स दाराशी बघून पुतळा जागीच जाईल त्याचं काय? मना माज्या गाडीतूनच जायाचं."

झालं! रूपेशनं मोबाईलवर पाठीवर खोली घेऊन हिंडणाऱ्या गाड्या शोधल्या. त्यांना कॅम्पर म्हणतात म्हणे. माझी धूळ झटकली गेली, कोंबड्या हाकलल्या गेल्या आणि मी तळोज्याला ज्ञानूच्या गॅरेजात जाऊन जॅकवर चढले.

आता नीट ऐका, कारण माझा खरा गोंधळ इथून सुरू होतो. आम्हा गाड्यांच्या मागच्या चाकांवर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. रस्त्याचा धक्का आला की पाटे दबतात आणि धक्का गिळतात. खोलीचं ओझं कायमचं बसणार म्हणून ज्ञानूनं दोन्ही चाकांवर एकेक पाटा वाढवला. तेवढ्यानं काम भागणार होतं.

दुसऱ्या दिवशी हिरामण एकटेच आले. "ज्ञानू, अजून एक टाक. तिला धक्का नाय लागला पायजे."

"काका, जास्त झाले की गाडी कडक होते. पाटा दबलाच नाही तर धक्का जाणार कुठे? माणसालाच बसणार."

"मालक कोन? मी का तू?"

ज्ञानूनं दोन्हीकडे एकेक पाटा टाकला. मग रूपेश आला. "एक वाढव ना यार. आईचा विषय आहे, रिस्क नको. आणि आबांना बोलू नको हां, त्यांना वाटेल माझा त्यांच्यावर भरोसा नाही." पुन्हा ज्ञानूनं समजावलं, पुन्हा तो हरला. मग ऑफिसातून परस्पर रूपेशची बायको नमिता आली. "दादा, आईंना जरासुद्धा हादरा बसता कामा नये. एक घाला. घरी सांगू नका, म्हणतील हिला गाडीतलं काय कळतं." ज्ञानूनं या खेपेला समजावलंही नाही. शेवटी एक फोन आला. "बरं... बरं... तुम्ही म्हणताय तर," असं म्हणून त्यानं कपाळावर हात मारला आणि स्वतःचा पहिला सोडून वरचा चौथा पाटा टाकला. हा कोणाचा, ते मला काही कळलं नाही.

मी मात्र फुशारले होते. एवढी ताकद माझ्यात कधीच नव्हती! माझी मागची बाजू उंच झाली आणि तोंड खाली गेलं. गावात शिरताच शेजारचे रावसाहेब म्हणाले, "हिरामन, गाडी कोनाच्या पाया पडते रं?"

निघायच्या दिवशी काशीनं नवं लुगडं नेसलं. बहिणीसाठी सुके बोंबील बांधून घेतले. तिला अलगद गादीवर निजवलं आणि आम्ही निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला आतून आवाज आला, "आई गं!" मी कंबर वाकवायला गेले, तर वाकेचना. पुलाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खड्डा थेट तिच्या पाठीत जात होता. ती पदर तोंडात धरून सोसत होती. कळंबोलीपाशी तिला ते असह्य झालं. ती हुंदके देऊ लागली तशी हिरामणनी मला मागे वळवलं.

"बास. आता नाय जायाचं," ते म्हणाले. "पुतळाचं नशीब, आनि आपलंपन."

 काशीनं भिंतीकडे तोंड केलं. रूपेशनं उतरल्या उतरल्या माझ्या टायरला लाथ घातली. मी कमजोर होते तेव्हा हिला झुलवत नेत होते, आणि आता ताकद आली तर हिला रडवलं? हे असं कसं झालं? मला सांगणारं कोणी नव्हतं.

रूपेशनं फोनवर ज्ञानूची खरडपट्टी काढली. सकाळी ज्ञानू जॅक घेऊन दारातच हजर. तोही तापलेला होता. काशी नमिताच्या खांद्याला धरून उंबऱ्यात उभी राहिली. सगळ्यांसमोर त्यानं एकेक पाटा काढून खाली आपटायला सुरुवात केली.

"हा काकांचा. हा रूपेशभाऊंचा. हा वहिनींचा. प्रत्येकाला सांगत होतो, ऐकलंत कोणी?"

तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. हिरामण हळूच म्हणाले, "तूपन?" रूपेश म्हणाला, "तुम्हीपण?" नमिताला हसू आवरेना आणि रडूही.

"आणि हा चौथा," ज्ञानू म्हणाला, "मावशींचा."

सगळे काशीकडे वळले.

"हो, मीच फोन केला," ती म्हणाली. "तुमी सगले माज्या कमरेचं बघत होता. मना घेऊन, वर खोली घेऊन तिनं जायाचं. म्हातारी झाली ती. तिच्या कमरेचं कोन बघनार?"

मित्रांनो, ती माझ्याबद्दल बोलत होती. मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणी मला जे झालं ते लोखंडाला होत नसावं.

ज्ञानूचा पहिला पाटा तेवढा राहिला. मी पुन्हा लवचीक झाले. दोन दिवसांनी आम्ही हळूहळू थळला पोचलो. काशी वाटेत चक्क घोरत होती. उतरली ती स्वतःच्या पायांनी. खाटेवरच्या पुतळानं तिला पाहिलं आणि एकच हात वर केला. काशी तिच्याजवळ आडवी झाली, गालाला गाल लावला आणि विचारलं, "कुठं दुखतं गो बाय तुजं?" पुतळाचे शब्द वाकडेतिकडे येत होते. पण काशी ऐकत राहिली, आणि पुतळा कितीतरी वेळ सांगत राहिली.

मी अंगणात उभी राहून ते ऐकलं. मी गाडी की घर, हे मला अजून कळलेलं नाही, आणि माणसं तर त्याहून कळत नाहीत. एका घरात चौघांनी माया केली, चौघांनी लपवून केली, आणि त्या मायेचाच सगळा भार काशीच्या पाठीत बसला. मला तोंड नाही, म्हणून कोणी मला विचारलं नाही, ते समजू शकते. पण तुम्हाला तोंड आहे ना? मग ज्याची काळजी घेता, त्याच्या उशाशी बसा आणि आधी त्यालाच विचारा, बाबा रे, तुझं दुखतंय कुठे?