चॅपलमागची अकरा मिनिटं

यझालीनने लगाम खेचला आणि आपल्या घोडीला, फारीनाला, वाटेवरच्या छोट्या चॅपलमागच्या सावलीत उभं केलं. शर्यतीची शेवटची रेषा वळणापलीकडेच होती, पण घड्याळात अजून अकरा मिनिटं होती. नवशिक्यांनी सरासरी तासाला पंधरा किलोमीटरच्या वर जायचं नाही. लवकर पोहोचलं की बाद, आणि बाद झालं की पुढच्या महिन्यातली चाळीस किलोमीटरची शर्यत विसरायची.

पंधरा म्हणे! सकाळपासून तिचं डोकं तापलं होतं. तिला शिकवणारी ओडील निघतानाच सगळ्यांदेखत म्हणाली होती,

"बाईसाहेब, चढावर उतरून चालायचं. पाय दिलेत ना देवाने?"

"फारीना थकत नाही!"

"थकली तर सांगायला येणारे का ती तुला?"

बरोबरची शिकाऊ मुलं फिदीफिदी हसली होती. मग काय, पठार लागताच तिने फारीनाला मोकळं सोडलं. मेंढ्या, कुंपणं, ती हसणारी तोंडं, सगळी मागे पडली.

अकरा मिनिटांनी ती ऐटीत रेषा ओलांडून आली. घोडे तपासणाऱ्या डॉक्टर लुब्याकनी फारीनाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

"साठ ठोके. चौसष्टच्या आत. थांब तिथे, नंबर आला की पळवून दाखव, लंगडत नाही ना ते बघू."

यझालीनने ओडीलकडे मान ताठ करून पाहिलं. ओडील मात्र घोडीच्या मानेवरून बोट फिरवत होती. बोटाला पांढरं मीठ लागलं.

"आत्ता आलेल्या घोड्याचा घाम ओला असतो," ती म्हणाली. "कुठे थांबलीस? चॅपलमागे?"

"वेळेत आले ना? मग झालं तर! तुम्हाला माझं कौतुक बघवतच नाही!"

ओडीलने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तळवा फारीनाच्या मागच्या मांडीवर दाबला. मांडी दगडासारखी कडक होती. आत काहीतरी थरथरत होतं.

"तापलेली घोडी तशीच उभी केलीस. पेटके आलेत तिला. आता एक पाऊल टाकायचं नाही तिने." ओडीलचा आवाज रागाने चिरकला. अंगातलं जाकीट ओरबाडून काढून तिने घोडीच्या पाठीवर टाकलं.

"एकोणीस नंबर! पळव!" डॉक्टर ओरडले.

"नाही पळवणार!" यझालीनही तितक्याच जोरात ओरडली. कुणावर, ते तिलाच कळेना. "तुम्हीच या इकडे!"

डॉक्टर येईपर्यंत तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं. पठारावरचा सगळा वेग त्यात नोंदलेला होता, आणि चॅपलमागची अकरा मिनिटंही. तिने ते त्यांच्यापुढे धरलं आणि दुसऱ्या हाताने जाकीट घसरू नये म्हणून धरून ठेवलं.