फितूर

"उद्या ओरोसाक कोर्टात जातलस मा?" बाबूने विचारले आणि उत्तराची वाट न बघता दुकानातले स्टूल पुढे ओढून तो बसला.

सिराज माइकची तुटलेली वायर जोडत होता. त्याने मान वर केली नाही. "जावचाच लागतला. समन्स इला."

"जा. जावक कोण नको म्हणता? फक्त सही केलंस तसाच सांग. पंचाचा काम ता काय मरे, होय म्हणाचा आणि सुटाचा."

बाबूने दुकानभर नजर फिरवली. भिंतीला लागून स्पीकरची खोकी छतापर्यंत रचली होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "औंदा जत्रेक ही नवी बॉक्सां हाड. पोरांका दणको होयो." मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि गेला.

बाबू गावच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. शिवाय गाणी म्हणणाऱ्या सुदेशचा सख्खा चुलता. दोन्ही नात्यांनी त्याला जे सांगायचे होते ते सांगून झाले होते.

त्या जत्रेला सिराजच्या वडिलांपासून यांचाच माइक लागायचा. वडील दोन कर्णे आणि एक बॅटरी सायकलला बांधून गावोगाव फिरायचे. सिराजने त्याचे टेम्पोभर सामान केले. बारसे, लग्न, दशावतारी नाटक, उरूस, निवडणुकीची सभा, मालवणच्या पंचक्रोशीत कुठेही चार माणसांना ऐकू जाईल असे बोलायचे तर सिराजला निरोप यायचा. स्वतः तो कमी बोलणारा. मिक्सरमागे बसावे, दुसऱ्याचा आवाज नीट लावून द्यावा, कार्यक्रम संपला की सामान भरावे आणि घरी जावे, यात त्याची पन्नाशी आली होती.

सुदेश शाळेत असल्यापासून या दुकानात यायचा. एखादा माइक चालू दिसला की त्यात गायचा. आता तो 'सुद्या बांगडो' या नावाने मालवणी गाणी म्हणायचा आणि ती गाणी कणकवलीपासून मुंबईपर्यंत प्रत्येक फोनमध्ये वाजत होती. त्याचा कीबोर्डवाला गुरुदास, शेजारच्या वाडीतला, आधी भजनात पेटी वाजवणारा. बापूस लहानपणीच गेलेला. आई जानकी मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकायची.

गेल्या वर्षीच्या जत्रेची संध्याकाळ. देवळाजवळच्या शाळेचा एक वर्ग कलाकारांना तयार व्हायला दिला होता. सुदेशच्या बिनतारी माइकची बॅटरी बदलायला सिराज आत गेला. बॅटऱ्या सुदेशच्या काळ्या बॅगेत होत्या. सकाळी सिराजनेच तिथे ठेवल्या होत्या. त्याने बॅग उचलली आणि तेवढ्यात साध्या कपड्यांतली चार-पाच माणसे दारातून आत आली. कोणीतरी पोलिसांना खबर दिली होती. पुढच्या साहेबांनी सिराजच्या हातातून बॅग घेतली आणि बाकावर उपडी केली. बॅटऱ्या पडल्या, टॉवेल पडला, घसा साफ करायच्या गोळ्या पडल्या, आणि चिकटपट्टीत गुंडाळलेली चरसाची लादी पडली.

"कोणाची बॅग?"

सुदेशचा चेहरा पिठासारखा झाला. बाहेर मैदानात मुंगीला वाट नव्हती. पोरे त्याच्या नावाने शिट्ट्या मारत होती. बाबू धावत आला आणि साहेबांना व्हरांड्यात घेऊन गेला. कोणाकोणाला फोन झाले. तिथे काय ठरले ते सिराजला ऐकू आले नाही. आत सुदेश गुरुदासच्या कानाशी लागला होता, ते मात्र ऐकू आले. "आजचो दिवस, गुरू. दोन दिवसांत सोडवतंय तुका. आवशीची शपथ."

साहेब परत आले. सुदेशकडे न बघता त्यांनी गुरुदासला विचारले, "तुझीच ना रे?"

गुरुदासने सुदेशकडे पाहिले. मग मान हलवली.

पंच म्हणून सिराज खोलीत आयताच होता. कागद पुढे आला, त्याने सही केली. गुरुदासला मागच्या दाराने नेले. पुढच्या दाराने सुदेश रंगमंचावर गेला आणि कीबोर्डशिवाय गायला. त्याचा आवाज दोनदा फाटला. सिराजने मिक्सरवरून तो सावरून घेतला, हाताची सवय. लोकांना काही कळले नाही.

त्या दोन दिवसांचे वर्ष झाले. असल्या गुन्ह्यात जामीन सहजी मिळत नाही, हे शपथ घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि मान हलवणाऱ्यालाही.

दुपारी बाजारपेठ सुस्तावली तेव्हा सुदेश दुकानात आला. टोपी, काळा चष्मा. आत आल्यावर त्याने चष्मा काढला. गळ्याची हाडे वर आली होती आणि तो सारखे नाक पुसत होता.

"सिराजभाय, उद्या तुमी काय सांगतलास?"

"तुका काय होया?"

"माका काय होया ता माकाच कळणा नाय." तो खाली बसला. "गुरूचो चेहरो दिसता. मगे जरा घेतंय, की दिसणा नाय."

"सोड मरे ता."

"सोडलेलंय. काकान माका कोल्हापुराक ठेवल्यान होतो, व्यसन सोडवतत थंय. भायर इलंय त्याच दिवशी ड्रायव्हरान गाडीत दिल्यान. मागूक पण लागला नाय."

सिराजने हातातला माइक खाली ठेवला. "तू सोता जावन सांग कोर्टात. माझी बॅग म्हणान."

सुदेशने मान खाली घातली. "मी थंय जगाचंय नाय, सिराजभाय. जेलात माका घेवक काय गावाचा नाय. रातभर अंग मोडता माझा, तुमका कल्पना नाय."

"गुरू जगता मा?"

सुदेश उठला. दारात थांबून त्याने चष्मा चढवला. "तुमी खरा सांगलास तरी माका राग येवचो नाय," तो म्हणाला. "पण सांगू नकात."

संध्याकाळी सिराज घरी आला तेव्हा त्याची बायको शमीम भाकऱ्या थापत होती. तिने पाठमोरीच सांगितले, "जानकीकाकीकडसून सुकी सुंगटा हाडली. दोनदा वजन चुकला तिचा."

"काय बोलली?"

"म्हणाली, सुंगटा बरी आसत गो, जरा उन दाखय. इतक्याच." शमीमने तव्यावरची भाकरी परतली. "वर्षभर तिच्याकडसून घेतंय. एक दिवस तुमचा नाव काढूक नाय तिना."

"काढला असता तर बरा झाला असता."

तो हात धुऊन बसला, पण जेवण सरकेना. समन्स द्यायला छाप्याच्या दिवशीचे साहेब गेल्या आठवड्यात स्वतः आले होते, ते त्याने अजून शमीमला सांगितले नव्हते. आता सांगितले. साहेब घाटावरचे, शुद्ध बोलणारे. चहा घेता घेता म्हणाले होते, 'तुमचा टेम्पो गोव्याला जातो ना लग्नाच्या ऑर्डरींना? नाक्यावर हल्ली फार तपासतात. गाडीत कोण काय टाकून जाईल, सांगता येत नाही.' आणि चहा चांगला झाल्याचेही सांगून गेले होते.

शमीम तवा उतरवून त्याच्यासमोर येऊन बसली.

"होय म्हणा आणि घराक येवा," ती म्हणाली. "गुरुदासाचा माका वाईट वाटता. काकीकडे बघवना नाय. पण उद्या तुमका धरून न्हेल्यानी तर जत्रेचा एक तरी माणूस येतला आमच्या दारात? सुदेशाक गाव आसा. तुमका मी आसंय नि जोया आसा."

जोया त्यांची मुलगी, कणकवलीला कॉलेजात. सिराजने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. शमीमचे एक अक्षर खोटे नव्हते. बाबूचेही, साहेबांचेही एका परीने खोटे नव्हते. जो तो त्याला सुटायची वाटच दाखवत होता, आणि सगळ्या वाटा एकाच दारातून जात होत्या.

कोर्टात त्याचा पुकारा व्हायला दुपार झाली. आरोपीच्या जागी गुरुदास दोन पोलिसांमध्ये उभा होता. केस बारीक कापलेले, शर्ट खांद्यावरून उतरलेला. सिराजला बघून तो ओळखीचे हसला, जणू कार्यक्रमाच्या ठिकाणी भेट झाली. मागच्या बाकावर जानकी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दारापाशी बाबू.

सरकारी वकिलांनी बॅग दाखवली. "ही बॅग तुमच्यासमोर जप्त झाली?"

"हो."

"आरोपी गुरुदास याच्या ताब्यातून?"

सिराजने घसा साफ केला. रात्रभर त्याने 'हो' हा एकच शब्द घोळवला होता. तो जिभेवर होता. "नाही," तो म्हणाला. "बॅग माझ्या हातात होती. म्हणजे, बॅग सुदेशची. मी बॅटरी काढायला... बॅटरी काढूक गेलंय आणि..." त्याचे शब्द अडखळले.

"मालवणीत सांगा, चालेल," न्यायाधीश म्हणाले.

मग त्याने सांगितले. बॅटऱ्या कोणी ठेवल्या, बॅग कोणाची, कोण कोणाच्या कानाशी लागले, मान कोणी हलवली. मिक्सरमागे बसणाऱ्या माणसाचा बारीक आवाज. लिहून घेणाऱ्या बाईंनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितले. सांगून झाले तेव्हा दारापाशी बाबू नव्हता.

सरकारी वकील उठले. साक्षीदार फितूर झाला असून त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी द्यावी, असे ते म्हणाले. परवानगी मिळाली.

"आरोपीच्या आईला तुम्ही ओळखता?"

"ओळखतो."

"तुमच्या घरी त्यांच्याकडून मासळी येते. खरं ना?"

"येता. इकत घेतो."

कोणीतरी हसले.

"पंचनाम्यावरची सही तुमचीच ना? मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"भियालंय."

"म्हणजे?"

"घाबरलो."

"आणि आता कोणाचं भय नाही वाटतं?"

सिराजने कठड्यावर हात ठेवला. "आताव भितंय," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. जानकी खिडकीशी बसली होती. त्याला चढताना बघून तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. कसालचा थांबा गेला.

"जेवलस?" तिने विचारले.

"नाय."

तिने पिशवीतून फडक्यात बांधलेले घावणे काढले. "गुरूसाठी हाडलंय. पोलिसांनी दिवक दिल्यानी नाय. तू खा."

सिराजने खाल्ले. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याचे खाऊन झाल्यावर तिने फडके झटकून घडी घातली आणि पिशवीत ठेवले.

शमीम त्या दिवशी रडली नाही की भांडली नाही. 'सांगलास?' एवढेच तिने विचारले, आणि त्याने मान हलवल्यावर आत जाऊन टेम्पोची किल्ली कपाटात ठेवून दिली.

त्या वर्षीच्या जत्रेला कणकवलीहून साउंड आला. मग एकेक करून बाकीचेही कळू लागले. दशावताराच्या कंपनीने दुसरा माइकवाला बघितला. लग्नाच्या मांडवात जिथे न विचारता त्याचे सामान जायचे, तिथे 'औंदा साधाच करतलो' असे उत्तर आले, आणि मांडव दणाणत राहिले. गोव्याच्या ऑर्डरी त्याने स्वतःच बंद केल्या. पहिल्याच खेपेला नाक्यावर टेम्पोतले प्रत्येक खोके उघडून दुपारभर उन्हात ठेवले होते. कोणी त्याला वाईट बोलले नाही. नुसते बोलावले नाही. बाजारात मागून एखादा 'फितूर' म्हणायचा. कोर्टातला शब्द बाबूने गावात आणला होता, आणि तो खोटा आहे असे म्हणायलाही जागा नव्हती. कोर्टाच्या दप्तरी तो तसाच लागला होता.

सुदेशला चौकशीला बोलावले, सोडले, पुन्हा बोलावले, पुन्हा सोडले. तो मुंबईला गेला. तिथे एका हॉटेलात बेशुद्ध सापडला, दवाखान्यात होता, बरा झाला, अशी बातमी फोनवर फिरली आणि विरली. गाणी येत राहिली.

पावसाळ्यानंतर गुरुदासला जामीन मिळाला. केस संपली नव्हती. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची होती आणि जिल्हा सोडायचा नव्हता. भजनी मंडळाने तोवर दुसरा पेटीवाला धरला होता. एका सकाळी हजेरी लावून तो तसाच सिराजच्या दुकानात आला. दारात जरा घुटमळला.

"बस मरे," सिराज म्हणाला.

"काय काम आसा?"

"काय नाय."

कोपऱ्यात वायरींचा गुंता पडला होता. गुरुदास खाली बसला आणि एक टोक शोधून कोपरापासून तळव्यापर्यंत वेढे घालू लागला. सिराजनेही दुसरी वायर ओढून घेतली. कुठला कार्यक्रम नव्हता. दोघे गुंडाळत राहिले.

रस्त्याने एक रिक्षा गेली. तिच्यात सुदेशचे नवे गाणे लागले होते. गुरुदासचा हात थांबला. रिक्षा बंदराकडे वळून आवाज तुटेपर्यंत तो ऐकत राहिला.

"सुरवातीची चाल माझी आसा," तो म्हणाला. "पेटीयेर बसयललंय."

सिराजने त्याच्याकडे बघितले. गुरुदासने वायरीचा निसटलेला वेढा पुन्हा कोपरावर चढवला आणि पुढची गुंडाळी सुरू केली.